जाहिरात तिकडची, गिऱ्हाईक इकडचे

२०२१ सालच्या जानेवारीत अकरावीतला एक मुलगा आमच्या दुकानात आला आणि त्याने मला जवळजवळ वीस मिनिटे पीएस फाइव्ह या सोनीच्या गेम खेळायच्या नव्या यंत्राविषयी शिकवले. लातूरच्या गंजगोलाईपासून पायी दोन मिनिटांवर आमचे दुकान आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते रेडिओ-टीव्ही दुरुस्तीसाठी काढले होते. आता तेथे मोबाइल, स्पीकर, रिमोट, चार्जर आणि गिऱ्हाइकाने विचारले तर गेमिंगचे सामानही मिळते. नव्या यंत्रातल्या एसएसडीमुळे गेम किती लवकर उघडतो, धनुष्य ताणताना कंट्रोलरचे बटण बोटाला कसा विरोध करते, यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्या काढता येतात, हे सारे त्या मुलाला तोंडपाठ होते. "तू हे कुठे पाहिलंस?" असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "पाहिलं नाही काका, यूट्यूबवर बघितलंय." या उत्तरात त्याला काहीच विसंगत वाटले नाही, आणि थोडा विचार केल्यावर मलाही वाटले नाही.

१२ जानेवारीला दुपारी बारा वाजता देशभर आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांतच सगळे नग संपले. २ फेब्रुवारीला यंत्र भारतात आले. किंमत होती ४९,९९० रुपये. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून त्या मुलाच्या वडिलांनी पैसे द्यायचे कबूल केले होते, त्यामुळे तो दर आठवड्याला फोन करून "काका, कधी यायलंय?" असे विचारत असे. आमचा एक पुरवठादार मला सांगत होता, "पडून असलेले पाच जुने गेम उचला, मग एक नग देतो." त्या पाच गेमचे पैसे मी कोणाकडून वसूल करायचे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. त्याच दिवसांत पुण्या-मुंबईत तेच खोके छापील किमतीच्या कितीतरी वर विकले जात होते, आणि त्या चढ्या भावाच्या बातम्या वाचून माझ्याकडे चौकशी करणारे आणखी वाढत होते. माल नसताना गिऱ्हाईक वाढते हे सोयाबीनच्या बाजारात मी पाहिले होते, व्हिडिओ गेमच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहत होतो.

काउंटरच्या आतल्या बाजूने पंचवीस-तीस वर्षे हा व्यवहार पाहिल्यावर माझे एक मत तयार झाले आहे. जाहिरात, मासिके, बातम्या, व्हिडिओ हे सारे मिळून माणसाच्या मनात हाव नक्कीच निर्माण करतात. परंतु ती हाव कोणत्या वस्तूवर जाऊन बसेल हे पैसे खर्च करणाऱ्या कंपनीच्या हातात राहत नाही, आणि आमच्यासारख्या गावात तर अजिबातच राहत नाही. बी एकाने पेरायचे आणि रास दुसऱ्याने करायची, असा हा धंदा आहे.

मी सहावीत असताना, म्हणजे १९९७ च्या सुमारास, अण्णांच्या दुकानात पहिला व्हिडिओ गेम आला. हैदराबादच्या कोठी भागातला एक व्यापारी असा माल ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पाठवत असे. खोक्यावर मारिओ होता, बंदुका घेतलेले दोन सैनिक होते, आणि एका हॉलिवूडच्या नटाचा चेहराही होता, ज्याची परवानगी कोणी घेतली असेल असे मला वाटत नाही. आत दोन रिमोट (आम्ही कंट्रोलरला रिमोटच म्हणत असू), बदके मारायची एक बंदूक, एक अडॅप्टर आणि '९९९९ इन १' असे छापलेली पिवळी कॅसेट असे. प्रत्यक्षात तिच्यात वीस-पंचवीस गेम असत आणि तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती नक्कल होती, हे मला फार उशिरा कळले. चित्र दिसेना झाले की कॅसेट काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, ही विद्या मात्र कोणी न शिकवता सगळ्यांना येत होती.

निन्टेंडोची एकही जाहिरात लातूरपर्यंत आल्याचे मला आठवत नाही. तरीही वर्गातल्या प्रत्येकाला मारिओ ठाऊक होता. कंपास पेटीवर तो होता, दप्तरावर तो होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला जाऊन आलेल्या मुलाच्या गप्पांत तो होता. अमेरिकेत आणि जपानमध्ये खर्च झालेल्या जाहिरातीचा तो उडालेला शिंतोडा होता, आणि तेवढ्यावर आमच्या दुकानात एका दिवाळीत चाळीस-बेचाळीस नग गेले. त्यातला एक रुपयाही ज्याने मारिओ घडवला त्याच्याकडे गेला नाही. (त्या बंदुका लोकांनी अजून जपून ठेवल्या आहेत, नव्या एलईडी टीव्हीवर चालत नाहीत म्हणून दुरुस्तीला घेऊन येतात. ती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या लखलखाटावरून नेम ओळखते, त्यामुळे बिघाड बंदुकीत नसतो, हे समजावण्यात माझा बराच वेळ जातो.)

ज्या निन्टेंडोची नक्कल आम्ही विकत होतो, तिला अमेरिकेत आपला माल दुकानात ठेवून घ्यावा म्हणून किती मिनतवाऱ्या कराव्या लागल्या, ती हकीकत एक दुकानदार म्हणून मला फार आवडते. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. वाईट गेमचा इतका माल साचला की अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरूनही काढण्यात आल्या. त्या तडाख्यानंतर 'व्हिडिओ गेम' हे शब्द ऐकले तरी दुकानदार हात झटकत. म्हणून १९८५ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये उतरताना निन्टेंडोने यंत्राच्या नावात 'गेम' हा शब्दच येऊ दिला नाही आणि त्याला 'एंटरटेनमेंट सिस्टिम' म्हटले. कॅसेट समोरून आत सरकवायची रचना केली, म्हणजे ते व्हीसीआरसारखे दिसावे. सोबत रॉब नावाचा प्लास्टिकचा यंत्रमानव दिला, म्हणजे खेळण्यांच्या दुकानदाराला ते खेळणे वाटावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जेवढे विकेल तेवढ्याचेच पैसे द्या, उरलेला माल आम्ही परत घेऊ, असा शब्द दिला. यंत्रमानवाचे कौतुक सगळे लिहितात. माझ्या मते खरी जाहिरात ही शेवटची अट होती. उरलेला माल परत घ्यायला तयार असलेला कंपनीचा माणूस माझ्या उभ्या आयुष्यात दोनदा आला असेल.

एकदा बाजार हाती आल्यावर याच कंपनीने १९८८ मध्ये स्वतःचे मासिक काढले. मुलांना ते मासिक वाटत होते, वस्तुतः ते घरपोच येणारे सूचिपत्र होते, आणि त्याची वर्गणी मुलांचे आईवडील आनंदाने भरत होते. पुढे आपल्याकडच्या मुलांनी पैसे देऊन संगणकाची मासिके घेतली ती आतल्या सीडीसाठी, आणि त्या सीडीत असे ते गेमचे पहिले दोन टप्पे. तिसरा टप्पा हवा असेल तर दुकानात जा. मीही असे अंक घेतले आहेत, त्यामुळे येथे कोणाला हसण्याचा अधिकार मला नाही.

नव्वदीच्या दशकात लढाई आकड्यांची झाली. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने निन्टेंडोला हिणवणाऱ्या जाहिराती केल्या, १९९१ मध्ये सॉनिक हा गेम आणला, आणि 'ब्लास्ट प्रोसेसिंग' असा एक शब्द काढला ज्याचा नेमका अर्थ विकत घेणाऱ्याला कधीच कळला नाही, पण जो शाळेत भांडताना उपयोगी पडत असे. बिट म्हणजे यंत्राच्या ताकदीचे माप: आठ बिट, सोळा बिट, मग अटारीने १९९३ मध्ये जग्वार आणून थेट चौसष्ट बिट म्हणून सांगितले आणि ते यंत्र साफ पडले. तिकडे पडलेला तो आकडा इकडे मात्र उत्तम चालला. आमच्या हैदराबादी खोक्यांवर पुढे '६४ बिट' असे ठळक अक्षरांत छापून येऊ लागले; आत तीच जुनी आठ बिटची पाटी होती, फक्त खोके नवे होते. "अण्णा, यात फरक काय हाय?" असे कोणी विचारले तर अण्णा स्वच्छ सांगत, "पन्नास रुपयांचा." तरीही लोक चौसष्टवालाच नेत.

११ मे १९९५ रोजी लॉस एंजलिसमध्ये भरलेल्या ई-थ्री या प्रदर्शनात जे घडले ते सेगाच्या दृष्टीने दुर्दैवी होते. सेगाने जाहीर केले की सॅटर्न हे आपले नवे यंत्र ३९९ डॉलरला आजपासूनच विक्रीला आहे. सांगितलेल्या तारखेच्या कित्येक महिने आधी. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, '२९९' एवढाच आकडा उच्चारून खाली उतरले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या एका आकड्याची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र दुसरी गोष्ट लागते: सेगाने तो माल फक्त निवडक साखळी-दुकानांना दिला होता आणि बाकीच्यांना पत्ताही नव्हता. केबी टॉइज या खेळण्यांच्या साखळी-दुकानाने रागावून सेगाचा माल ठेवणेच बंद केले. बातमी जगभर पोहोचली, गिऱ्हाईक दुकानात आले, आणि दुकानदाराने सांगितले की आमच्याकडे नाही, शेजारची वस्तू बघा. या एका वाक्यात किती कोटींची जाहिरात वाया जाते हे ज्याने ते वाक्य म्हटले आहे त्यालाच कळते.

सोनीचे दुसरे यंत्र, पीएस टू, ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये आले. ते येण्याआधी सेगाचे ड्रीमकास्ट बाजारात होते, चांगलेही होते; पण पीएस टू येणार, त्यावर डीव्हीडी सिनेमेही चालणार, याची इतकी वर्णने छापून आली की लोकांनी खिशातला हात खिशातच ठेवला. जानेवारी २००१ च्या शेवटी सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचे जाहीर केले. न आलेल्या वस्तूने आलेल्या वस्तूला मारल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २००० मध्ये सुट्या भागांच्या टंचाईमुळे ठरल्याच्या निम्मेच, म्हणजे सुमारे पाच लाख नग पोहोचले. रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या लोकांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. टंचाई मुद्दाम केली जाते का, हा वाद दर वेळी होतो. मला वाटते मुद्दाम केली नाही तरी तिचा फायदा तोच होतो, कारण रांगेचे छायाचित्र बातमीच्या पानावर फुकट छापले जाते.

लातूरला पीएस टू आले ते घराघरांत नव्हे, पार्लरमध्ये. औसा रोडच्या बाजूला एका गाळ्यात चार टीव्ही, चार यंत्रे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि तासाला दहा रुपये, दोघे खेळले तर पंधरा. यंत्र तोट्यात किंवा काठावर विकायचे आणि नफा गेमच्या विक्रीतून काढायचा, हे कन्सोल कंपन्यांचे जुने गणित आहे. त्या गाळ्यातल्या यंत्रांना नकली तबकड्या चालवणारी चिप बसवलेली होती आणि तबकड्या पन्नास रुपयांच्या होत्या, त्यामुळे ते गणित तेथे पायरीवरच संपत होते. ते भारनियमनाचे दिवस होते. पार्लरवाल्याने इन्व्हर्टर घेतला आणि आपल्या पाटीवर 'लाईट गेली तरी चालू' असे लिहून घेतले. पीएस टूच्या जगभरच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा ही ओळ आमच्या गावात जास्त परिणामकारक ठरली, असे मी जबाबदारीने म्हणतो.

सप्टेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० भारतात आणले, आणि या वेळी जाहिरातीचा शिंतोडा नव्हे तर पूर्ण घडा आपल्याकडे ओतला गेला. अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना प्रचारासाठी घेतले होते. क्रिकेटपटूचा चेहरा पाहून पोरांनी ओळखले की यात क्रिकेट असणार. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ईए कंपनीचा क्रिकेट ०७ आला, तो साध्या संगणकासाठी आणि पीएस टूसाठी; एक्सबॉक्स ३६० साठी तो निघालाच नाही. मग काय व्हायचे ते झाले. हाव एक्सबॉक्सच्या पैशाने लागली, आणि लातूरमधला प्रत्येक नेट कॅफे, प्रत्येक अभियांत्रिकीच्या वसतिगृहातला असेंबल केलेला संगणक क्रिकेट ०७ ने भरून गेला. आमच्या दुकानातून त्या हंगामात एक्सबॉक्स शून्य गेले, आणि यूएसबीचे स्वस्त गेमपॅड किती गेले याची मोजदाद ठेवायला हवी होती असे आता वाटते.

केवळ नाव चुकले म्हणून वस्तू पडल्याचेही उदाहरण आहे. निन्टेंडोचे वी नावाचे यंत्र दहा कोटींहून अधिक खपले. त्यानंतर २०१२ मध्ये आलेल्या वी यू या यंत्राला अनेकांनी जुन्याच यंत्राचा जोड समजले आणि ते दीड कोटीपर्यंतही पोहोचले नाही. याउलट २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या नव्या यंत्रासाठी, वापरलेली तबकडी दुसऱ्याला देण्यावर घातलेल्या जाचक अटींवर टीका होत असताना सोनीने एक वीस-बावीस सेकंदांची चित्रफीत काढली: मित्राला गेम कसा द्यायचा? एकाने तबकडी पुढे केली, दुसऱ्याने घेतली, संपले. खर्च जवळजवळ शून्य, आणि परिणाम पुढे कैक महिने टिकला.

आता मासिके नाहीत, पार्लर उरलेली थोडी. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून पाच-सहा तालुक्यांतल्या मुलांकडे रोज यूट्यूब आहे. टेक्नो गेमर्झसारख्या हिंदी चॅनलवर जीटीए फाइव्हचे भाग पाहत मोठी झालेली मुले मला भेटतात, ज्यांनी तो गेम एकदाही हातात घेतलेला नाही, पण ज्यांना त्यातला प्रत्येक रस्ता ठाऊक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जीटीए सिक्सची पहिली झलक आली तेव्हा पहिल्या चोवीस तासांत ती नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. दोनदा पुढे ढकलून आता १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख देण्यात आली आहे. दर वेळी तारीख बदलली की माझ्या दुकानात दोन-तीन नवे चेहरे येतात आणि तो कोणत्या यंत्रावर चालणार, हप्ता किती पडेल, असे विचारून जातात. पाहणे हेच पूर्ण खेळणे झाले तर विकत घेणार कोण, ही शंका कंपन्यांनाही येत असावी. मला रोज येते, कारण तीच मुले पाच मिनिटांनी फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय या मोबाइलवरच्या गेमसाठी फोनला लावायचे वीस रुपयांचे ट्रिगर घेऊन जातात.

अकरावीतला तो मुलगा पुढे नीटच्या अभ्यासाला लागला आणि पीएस फाइव्हचे नाव त्याने काढले नाही. मिळू लागले तेव्हा हवेसे उरले नव्हते, एवढेच त्याने एकदा रस्त्यात भेटल्यावर सांगितले.

२०२४ च्या दिवाळीत कंपनीने दिलेली माणसाच्या उंचीची एक उभी पाटी मी दाराशी ठेवली होती. निळ्या उजेडात पांढरे यंत्र, खाली किंमत ५४,९९० रुपये. निलंग्याकडचे एक शेतकरी दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा त्या पाटीपाशीच थांबला आणि मोबाइलवर पाहिलेले सगळे वडिलांना सांगू लागला. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहूनही कमी मिळत होता. हमीभावाने धरले तरी त्या पाटीवरच्या वस्तूला अकरा क्विंटलांहून जास्त सोयाबीन लागत होते. वडिलांनी पाटीवरची किंमत वाचली, काही बोलले नाहीत, आणि काउंटरवर येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, ह्याच्यातलंच बारकं काही यायलंय का?"

मी काचेखालून तळहाताएवढे '४०० इन १' काढले; सातशे रुपयांचे, चीनमधले, त्यात निन्टेंडोचेच चाळीस वर्षांपूर्वीचे गेम भरलेले. ते आणि हे एक नव्हे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि मुलाकडे पाहिले. मुलाने बटण दाबले, यादीतले पहिलेच नाव उघडले, आणि मारिओचे ते सुरुवातीचे संगीत दुकानात वाजल्यावर आतल्या खोलीत जेवत असलेल्या अण्णांनी विचारले, "कोणाचा व्हिडिओ गेम दुरुस्तीला आलाय?"